घास मोजणारी

आमच्या सासूबाईंनी कुठल्याच पदार्थाला पहिल्या फटक्यात चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. भात मोकळा झाला तर तो टोचायचा, मऊ झाला तर त्याचा लगदा असायचा. चहा पुढे केला की 'भांडं विसळलंस ते पाणी का गं हे?' असं विचारायच्या आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मी रडायचे. पुढे उलटून बोलायला शिकले आणि मग आमचं जमलं. नवरा म्हणायचा, तुमचं दोघींचं भांडण ऐकू आलं की जिना चढतानाच हायसं वाटतं. तो गेल्यावर तीन वर्षं त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच होतो. कामावरून आल्यावर कुणीतरी मला नावं ठेवायला घरात आहे, एवढ्यावरच मी उभी होते. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. असलं काही सासूला सांगायचं असतं हे सुचतं तरी कुणाला?

मी स्क्रूच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दिवसभर मोजायचं आणि पुड्या बांधायच्या. यंत्र आहे, पण ते वरचेवर बिघडतं आणि मी बिघडत नाही, म्हणून मला ठेवलंय. मोजताना माझे ओठ हलतात. कारखान्यात सगळे मला 'काटा' म्हणतात आणि मला त्याचं काही वाटत नाही. मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. वाईट वाटलं ते ऑर्डरी आटल्या म्हणून मालकानं पाळी अर्धी केली तेव्हा. पाळी अर्धी झाली तसा पगारही अर्धा झाला.

नेमकं त्याच महिन्यात सासूबाईंचं अंग उतरलं. मला रोज बघून ते दिसलं नाही, नणंदेला दारातच दिसलं. नणंद माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. तिनं आईचा दंड धरून पाहिला आणि शनिवारी आम्हाला दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार काही नाही. खाणं कमी पडतंय. डाळ, भाज्या, अंडी, दूध, रोज थोडं थोडं सगळं पोटात गेलं पाहिजे. आठवड्यानं पुन्हा वजन करू." हे त्या ताईकडे बघून बोलल्या. मी दाराशी उभी होते, जणू मी रिक्षा घेऊन आलेली बाई. माझं डोकं तिथंच तडकलं होतं, पण बोलणार काय? खाणं कमी पडतंय, हे खरंच होतं.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "वहिनी, तुला बोल लावत नाही मी. तुझ्या कामाचं असं झालंय. आईला मी नेते."

"एक आठवडा द्या मला," मी म्हटलं.

"आणि आठवड्यात काय होणार आहे?"

"वजन वाढेल. नाही वाढलं तर पुढच्या शनिवारी इथूनच घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही."

"तू आणि एक शब्द बोलणार नाहीस!" सासूबाई मध्येच म्हणाल्या. "आणि मी काय गाठोडं आहे का, या खांद्यावरून त्या खांद्यावर द्यायला? मी कुठं जायची नाही. हिच्या हातचं वाईट खायची सवय झालीय मला."

आम्ही तिघी हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण मला रडू येत होतं.

त्या संध्याकाळी जवळ होते नव्हते ते पैसे ओट्यावर मांडले, तर ओटाच मोठा दिसायला लागला. मी बाजार उठायच्या वेळेला गेले. त्या वेळी भाजीवाल्यांना घरी जायची घाई असते आणि ते हुज्जत घालत नाहीत. माना टाकलेला पालक, मोडलेली गाजरं, भोपळ्याची एक मोठी फोड. पडलेल्या कोबीची वरची पानं काढली की आतला गड्डा चांगला निघतो. मसूर घेतली, शेंगदाणे घेतले. अंडीवाल्याकडे तडकलेली अंडी वेगळी ठेवलेली असतात, ती मागितली.

"तडकलेली कशाला नेता, मावशी?"

"फोडूनच खायची आहेत ना? निम्मं काम तू केलंयस."

तो हसला आणि एक वर टाकलं. मी मोठ्या ऐटीत घरी आले. ओट्यावर सगळं पसरलं आणि सात दिवसांचे सात वाटे घातले. पालक आधी संपवायचा, गाजर-कोबी टिकतात. डाळ रोज, अंडं रोज एक, दूध रात्री. मी मोठमोठ्यानं बोलत होते आणि सासूबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या.

"एवढा हिशेब तुझ्या कारखान्याचा मालक करत असता तर ऑर्डरी गेल्या नसत्या," त्या म्हणाल्या.

पहिले काही दिवस बरे गेले. उकडलेली भाजी पुढे ठेवली की तोंड वाकडं व्हायचं.

"हे काय? सशाचं जेवण?"

"ससे बघा कसे टुणटुणीत असतात."

"असणारच. म्हातारे व्हायच्या आत कुणीतरी खातं त्यांना."

पण खायच्या. मी समोर बसायचे. पूर्वी आम्ही बरोबर जेवायचो, आता मी मागून जेवत होते. भाजीचे देठ, डाळीचं वरचं पाणी आणि भात, असं काहीबाही. मी काही त्यागाची मूर्ती नव्हते. भूक लागली की चिडचिड करत होते आणि ती लपवतही नव्हते. समोर मोकळं बसलेलं माणूस दुसरं काय करणार? मी त्यांच्या चमच्याकडे बघायचे. किती गेलं, किती उरलं. ओठ आपोआप हलायला लागायचे.

सोमवारी त्यांनी अर्धं अंडं बशीच्या कडेला सरकवलं. "तू खा. मला वास येतो त्याला."

"वासबीस काही येत नाही. ते तुमच्या वाटचं आहे. मोजून आणलंय."

"मोजून?"

"मग काय? आज माझ्याकडे गेलं तर एक दिवस तुम्हाला कमी पडेल."

त्यांनी ते अर्धं अंडं परत पुढे ओढलं आणि खाल्लं. मला बरं वाटलं. मी जिंकले असंच वाटलं.

बुधवारी शेजारची शिंपीणबाई दाराशी आली. तिचं माझ्यावर बारीक लक्ष असतं, वाईट मनानं नाही, पण असतं. म्हणाली, "रोज अंडी काय, दूध काय! पाळी अर्धी झाली ना तुझी?" मला चेव चढला. आयुष्यात फुशारकी मारावी असं माझ्याकडे फारसं काही नसतं. मी दारात उभी राहून तिला सगळं सांगितलं. अंडं कितीला पडतं, भाजी कितीला, दूध कितीला. "दोन कप चहाच्या पैशांत म्हातारीचा अख्खा दिवस बसवते मी!" ती म्हणाली, "कमाल आहे बाई तुझी." मी आत आले तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोप लागली असेल असं समजून मी पाय न वाजवता ओट्याकडे गेले.

त्या रात्रीपासून त्या एक शब्द न बोलता जेवायला लागल्या. भाताला नाव नाही, डाळीला नाव नाही. ताट समोर आलं की खाली मान घालून भराभर संपवायच्या. मला वाटलं, चला, अखेर माझ्या हाताला चव आली. अजून वाढू का विचारलं की "पुरे" म्हणायच्या. मी म्हणायचे, "चार चमचे घ्याच." मग त्या चार चमचे घ्यायच्या, बरोबर चार, आणि ताट धुवायला स्वतः उठायच्या. घर शांत झालं होतं. इतकी वर्षं त्या घरात असली शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि मी गाढव, सुटकेचा श्वास टाकत होते. शनिवार जवळ येत होता. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

शनिवारी दवाखान्यात त्यांना काट्यावर उभं केलं. नर्सनं आकडा सांगितला आणि मी तो दोनदा विचारून घेतला. पाऊण किलो वाढलं होतं. डॉक्टरीणबाई या वेळी माझ्याकडे बघून बोलल्या, "छान. असंच चालू ठेवा." ताईनं मला मिठीच मारली. "हरले बाई मी, वहिनी. मला वाटलं नव्हतं तुला जमेल." माझे कान गरम झाले. नवरा गेल्यापासून मला कुणी असं जवळ घेतलं नव्हतं.

सासूबाई बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होत्या. तो लावून झाल्यावर त्या ताईला म्हणाल्या, "चल, निघू या. तुझी बस चुकेल."

"माझी? तू वहिनीबरोबर घरी जा ना आता."

"नाही. मी तुझ्याकडे येते."

ताई हसायला लागली, मग थांबली. "का गं?"

"तिथं माझे घास मोजतात," सासूबाई म्हणाल्या.

सून सासूचे घास मोजते, याहून वाईट काही सुनेबद्दल बोलता येत नाही. चोर म्हटलेलं परवडलं. बाकावरच्या दोन बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ताईचा माझ्या खांद्यावरचा हात खाली गेला. आणि माझा तोल सुटला.

"हो, मोजले!" मी ओरडले. "मोजलेच! कमी पडू नयेत म्हणून मोजले! पालक निवडून निवडून बोटं हिरवी झाली माझी. तुमच्या ताटातलं एक शीत मी तोंडात टाकलं असेल तर सांगा!"

"हळू बोला," नर्स म्हणाली.

"ओरडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणायची हे सांगतात तसा. "मी खुळी नाही. तू कशासाठी मोजत होतीस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग असं का म्हणता?"

"माहीत असलं म्हणून घास खाली उतरतो का? समोर बसतेस आणि तुझे ओठ हलतात. मला वाटतं, हा घास कितीला पडला असेल? तू दारात उभी राहून त्या शिंपिणीला माझा भाव सांगितलास."

"मी कौतुकानं सांगत होते."

"कौतुकानंच सांगितलास. म्हातारी किती स्वस्तात बसते, याचंच कौतुक."

 मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "नाही मोजणार. तोंड भिंतीकडे करून बसेन. पण चला घरी."

त्यांनी माझं मनगट धरलं. "ऐक. बुधवारनंतर मला अन्न जातच नव्हतं. पण मी सगळं संपवलं. वजन वाढलं नसतं तर सगळ्यांनी तुलाच धरलं असतं, सुनेनं उपाशी ठेवलं म्हणून. ते मला नको होतं. आता तुला कुणी काही म्हणणार नाही. आता मला जाऊ दे."

ताई रडत होती. मी रडले नाही. राग कुणावर काढावा तर समोर कुणी सापडत नव्हतं.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. कपडे पुढच्या आठवड्यात पोचवायचं ठरलं. रस्त्यात आम्ही तिघी हवापाण्याचं बोललो, ताईच्या मुलाच्या नोकरीचं बोललो. चढताना त्यांना आधार द्यायला मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला. मी विचारलं, "परत कधी येणार?" त्या म्हणाल्या, "बघू." हा शब्द त्या बाकीच्यांशी वापरायच्या, माझ्याशी कधीच नाही.

त्या खिडकीशी बसल्या. ताईनं थांब्यावरच्या फळवाल्याकडून दोन केळी घेतली होती. एक तिनं आईच्या हातात दिलं आणि तिकिटासाठी कंडक्टरकडे वळली. सासूबाईंनी साल काढली, एक तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला. तेवढ्यात त्यांना मी दिसले. त्यांचा हात तसाच थांबला.

मी पटकन पाठ फिरवली आणि बस सुटेपर्यंत समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभी राहिले.