बंदरावरची वेस

१९७४ साली भिवंडीच्या खाडीकाठच्या बंदरावरची जुनी दगडी वेस पाडायचं ठरलं. मालाच्या ट्रकांना तिची कमान आडवी येत होती. रस्ता आजूबाजूच्या सगळ्या जमीनवाल्यांना हवा होता, वेशीलगत भातखाचर असलेल्या काळूरामलाही. पण गावातली प्रत्येक नवरी त्या वेशीतून आत आलेली, आणि सरकारी खात्यानं गावाला साधं विचारलंही नव्हतं. रस्ता शेजारून न्या, असा अर्ज काळूरामनं दिला. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यानं ठाण्याच्या कोर्टात दावा लावला. रस्ता अडला म्हणून भावकीनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

सुनावणीला तो ठाण्याला गेला आणि इकडे सकाळीच खात्याचे साहेब मजूर घेऊन वेशीवर आले. कळताच त्याची बायको कमळ धावत गेली. मजुरांनी कमानीत पहारी घातल्या होत्या. ती बरोबर खाली जाऊन उभी राहिली. साहेबांनी बाजूला व्हायला सांगितलं, ती हलली नाही. हवालदाराला बोलावणं गेलं.

तेवढ्यात पलीकडच्या लूम कारखान्याचे मालक अन्सारीशेठ स्वतः चालत आले.

"काळूराम का फोन था. मनाई मिल गई."

साहेबांनी हुकूम दाखवा म्हटलं. तो ठाण्याच्या कोर्टात अजून टाइप होत होता. फोनवर सरकारी काम थांबत नसतं, असं म्हणून त्यांनी मजुरांना खूण केली. माथ्यावरचा एक दगड सुटून कमळच्या पुढ्यात आदळला. तिनं आवाज चढवला नाही.

"सायब, कोर्टानं मनाई केलीय, ह्ये मी तुमाला समद्यांसमोर सांगितलं. उद्या जज्जसायब इचारतील, तवा ठावं न्हवतं म्हनू नका. शेठ साक्षीला हायेत."

साहेबांनी शेठकडे पाहिलं. शेठनी मान डोलावली. वर मजुरांचे हात थांबले होते. साहेब रुमालानं मान पुसत राहिले. शेवटी त्यांनी मजुरांना खाली उतरवलं.

ठाण्याहून येताना कशेळीच्या पुलावर ट्रक अडकले होते. काळूराम हुकूम घेऊन पोचला तेव्हा दुपार कलली होती. फुटलेला माथा बघून तो मटकन खाली बसला.

"उशीर झाला गं."

"उभी हाय ना अजून," कमळ म्हणाली, आणि आता कुठे तिला रडू फुटलं.

पुढे कोर्टानं रस्ता शेजारून न्यायला लावला. त्या वळणात काळूरामच्याच खाचराचा तुकडा गेला. त्यानं हरकत घेतली नाही.