यादीतलं नाव

"असं ओढू नका दादा. काखेत हात घाला अन् हळूच वर घ्या," कोकिळाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या बाजूने त्यांनी स्वतःच हात लावला. दोघांनी मिळून जनकाबाईला उशीला टेकवून बसवलं. तिच्या अंगात आता वजन असं उरलंच नव्हतं, तरी दयारामला धाप लागली.

पोटातल्या गाठीला आता काही करता येणार नाही, घरी न्या आणि त्यांना आवडेल ते खाऊ घाला, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं त्याला दोन महिने झाले होते. मुलगा अश्वजित नागपूरला नोकरीला, तो शनिवार-रविवारी येऊन जायचा. एरवी दयारामच सगळं करायचा. वेदना वाढल्या की कोकिळाबाई येऊन इंजेक्शन देत. बाजूच्या गावच्या उपकेंद्रात सव्वीस वर्षं नर्स म्हणून राहून त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आणि डोणगावात घर बांधून राहिल्या होत्या.

इंजेक्शन देऊन झालं. कोकिळाबाईंनी जनकाबाईचा हात हातात घेतला आणि सहज बोलावं तसं बोलल्या, "दादा, मी नर्स झाली ते इच्यामुळं. आमी दोघी एकाच येष्टीनं गेलो होतो बुलढान्याले, मुलाखतीले. यादीत इचं नाव लागलं, मी वेटिंगवर. ही आलीच नाही, मंग मले बोलावनं आलं."

"काहाची मुलाखत?" दयारामने विचारलं.

जनकाबाईने मान भिंतीकडे वळवली. कोकिळाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि पिशवी उचलली. "येतो मी. सायंकाळी चक्कर टाकतो. जयभीम."

त्या गेल्यावर दयाराम बाजेजवळच्या स्टुलावर बसून राहिला. आठवायचा प्रयत्न करूनही त्याला काहीच आठवेना.

दयाराम सरकटे म्हणजे समाधानी माणूस, हे अख्ख्या डोणगावाला ठाऊक होतं. त्याचा बाप जन्मभर लोकांच्या शेतात सालदार राहिला आणि दुसऱ्याच्याच गोठ्यात मेला. दयारामला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसरची नोकरी लागली तेव्हा त्याला वाटलं, आता देवाकडे आणि माणसाकडे मागण्यासारखं काही राहिलं नाही. दोन खोल्या बांधल्या, वर टिनं टाकली. बढती चालून आली, पण बदलीचं गाव लांब म्हणून त्याने ती हात जोडून परत केली. बैलाच्या खांद्याची जखम धुताना तो गुणगुणायचा. येणारा प्रत्येक नवा डॉक्टर बाकीच्यांना सांगायचा, समाधान कसं असतं ते दयारामकडून शिका. तो निवृत्त झाला तेव्हा निरोप समारंभातही सगळे तेच बोलले, आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या जनकाबाईकडे बघून त्याचा ऊर भरून आला होता.

दुपारी तिने डोळे उघडले तेव्हा त्याने विचारलं, "कवाची गोठ हाय थे?"

"चौऱ्याण्णव सालची. अश्वजित दोन वर्साचा होता."

"मले सांगतलं होतं तू?"

"सांगतलं ना. तुमी दवाखान्यातून आलते, अंगनात हातपाय धुऊन राह्यले होते. मी कागद दाखोला. दीड वर्स बुलढान्याले राहा लागीन म्हनलं. तुमची माय पोराले सांभाळाले तयार होती."

"मंग? मी काय म्हनलो?"

बोलायला जनकाबाईला श्वास गोळा करावा लागत होता. "तुमी म्हनले, मले नोकरी हाय, घर हाय, पोरगं हाय. आनखी काय पायजे मानसाले? अन् हासले."

हे वाक्य मात्र त्याने लगेच ओळखलं. ते त्याचंच होतं. हजार वेळा, हजार जणांना त्याने ते ऐकवलं होतं. त्यातलं एकदा कधी तिलाही ऐकवलं असेल.

"काऊन भांडली नाही तू?"

"तुमी रागावले असते तं भांडली असती. तुमी हासले."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. टिनं थरथरली आणि शांत झाली.

"तीस वर्सं तुह्या मनात हे राह्यलं, अन् मले पत्ता नाही."

"तुमी वाईट नाही वागले जी. दारू नाही, मारनं नाही, कधी वाकडा शबूद नाही. बाया म्हनत, जनका, तुह्यं नशीब मोठं. मीबी हाव म्हनो." तिने ओठांवरून जीभ फिरवली. त्याने चमच्याने पाणी पाजलं. "पन कोनाच्या घरी बाई अडली, अन् कोकिळा बॅग घेऊन आत गेली, का मले वाटे... आपन भाईर काऊन उभ्या हाओत."

आपण सुखी आहोत म्हणजे घर सुखी आहे, असं दयाराम धरून चालला होता. भाकरी एका ताटात खाल्ली की पोट एकच होतं, असं काहीतरी त्याला वाटत आलं होतं.

"आता काय करू मी?" त्याने विचारलं.

"आता काय करनार तुमी." पण बऱ्याच वेळाने, तो पेज गरम करायला उठला तेव्हा ती म्हणाली, "कोकिळाचं उपकेंद्र पाहाचं होतं एक डाव. मी कधी गेली नाही तिकडं."

बुधवारी उपकेंद्रात लसीकरण असतं. त्याने शेजारच्याचा ऑटो सांगितला, मागच्या सीटवर गादी टाकली आणि तिला उचलून आणून बसवलं. खड्डा आला की तो ऑटोवाल्याला हळू घ्यायला सांगायचा आणि ती म्हणायची, चालू द्या.

उपकेंद्र तसं लहानच, दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा. व्हरांड्यात दहाबारा बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. मयुरी नावाची तरुण नर्स लशीचा डबा उघडून बसली होती. कोकिळाबाई आदल्या दिवशी तिला फोन करणार होत्या, पण गडबडीत राहून गेलं होतं.

"पेशंट आहे का? यांना मेहकरला न्यावं लागेल काका, इथं काही सोय नाही," मयुरी म्हणाली.

"पेशंट म्हनून नाही आनली," दयाराम म्हणाला. जनकाबाईचा सगळा भार त्याच्या खांद्यावर होता. "याइचा नर्सिंगले नंबर लागला होता. यादीत नाव होतं. मी जाऊ नाही देलं."

असं त्याने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं, आणि तेही दहाबारा अनोळखी बायांसमोर. मयुरी उठली आणि तिने स्वतःची खुर्ची पुढे केली.

थोड्या वेळाने एक अगदी नवखी आई आली. लेकराला सुई टोचायची म्हटल्यावर तिला त्याला धरवेना. जनकाबाईने दोन्ही हात पुढे केले. त्या हातांकडे बघून ती बाई बिचकली, पण मयुरीने मान हलवली आणि तिने लेकरू दिलं. जनकाबाईने त्याचं डोकं कोपराच्या खळीत घेतलं आणि मांडी बरोबर जिथे हवी तिथे धरली. मयुरीने सुई दिली. लेकरू किंचाळलं, निळं झालं, मग हळूहळू निवलं. त्याची आई घ्यायला पुढे आली तेव्हा जनकाबाई म्हणाली, "राहू दे घडीभर."

जवळजवळ अर्धा तास ते लेकरू तिच्या मांडीवर झोपलं होतं. दयाराम खाली पायरीवर बसला होता. त्याने एकदाही घाई केली नाही.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, सकाळी, पेजेचा दुसरा चमचा तोंडात असताना ती गेली.

पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. त्रिसरण-पंचशील झालं, आदरांजलीची भाषणं सुरू झाली. गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक माइकवर आले आणि म्हणाले, "दयारामभाऊ आणि जनकाबाई म्हणजे समाधानी जोडपं. जनकाबाईंनी आयुष्यात कधी काही मागितलं नाही. अशी तृप्त बाई..."

"नाही," दयाराम म्हणाला.

तो पहिल्या रांगेत बसला होता, आवाज माइकपर्यंत नीट पोचला नसावा. मुख्याध्यापक थांबले. दयाराम गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला.

"मांगतलं होतं तिनं. मी देलं नाही. समाधानी मी होतो, गुरुजी. ते नोती."

"बाबा, बसा," अश्वजितने त्याची बाही धरली. मुख्याध्यापकांनी हातातला कागद उघडला, पुन्हा घडी घातली आणि हात जोडून ते खाली उतरले. बायांच्या रांगेत कोकिळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

दयाराम बसला. त्यानंतर आणखी तिघे बोलले. बेतानेच बोलले. समाधानाचं नाव कोणी काढलं नाही.