चढावर मी दोन फूट मागे सरलो

मित्रांनो, बॉनेटखाली इंजिनाला खेटून बसलेला मी एक जुना गिअरबॉक्स आहे. मला ऑटोमॅटिक म्हणतात, पण पोटातून मी साधाच. क्लच दाबायला आणि गिअर बदलायला माणसाच्या हातापायांऐवजी एक छोटं यंत्र बसवलेलं, इतकंच. त्यामुळे मी स्वस्त पडतो आणि पेट्रोलही कमी खातो.

नऊ वर्षांपूर्वी पंकजाबाईंनी आमची गाडी घेतली. त्या भंडारदऱ्याजवळच्या शाळेत शिकवतात. लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय अधू झाला, त्यामुळे क्लच दाबणं जमणारं नव्हतं. चाळिशीपर्यंत त्या एसटीची, नाहीतर भावाच्या मोटरसायकलची वाट पाहत राहिल्या. पहिल्यांदा एकट्या शाळेत गेल्या, तेव्हा उतरावंसंच वाटेना म्हणून त्यांनी मैदानाला आणखी एक चक्कर मारली. मला फार अभिमान वाटला होता.

बाई शिकल्या मात्र संगमनेरच्या मावसभावाच्या मोठ्या गाडीवर. तिचाही गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, पण तेलाच्या दाबावर चालणारा. ब्रेक सोडला की ती गाडी हळूच पुढे सरकते, साध्या चढावर मागे येत नाही. माझा क्लच पकड घेईपर्यंत क्षण दोन क्षण जातात, तेवढ्यात गाडी चढावर मागे येते. विकणाऱ्यानं हा फरक सांगितला नाही, आणि मला तोंड नव्हतं.

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी धरणाच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या तुंबल्या. चढावर पाऊण तास बाई अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरत होत्या. माझा क्लच तापला, जळका वास सुटला. पुढे रस्ता मोकळा झाल्यावर त्या एका ओळखीच्या घरापाशी चढावरच थांबल्या. त्यांचे वडील रंगनाथअप्पा तांदळाचं पोतं डिकीत ठेवायला उतरले. मागे एक टेम्पो उभा होता. अप्पांनी डिकी लावून थाप मारली. बाईंनी ब्रेक सोडला. मी पकड घेतलीच नाही. दोन फूट मागे सरलो, आणि अप्पांचा पाय टेम्पो आणि गाडीच्या मधे सापडला.

हाड मोडलं. अधू पायानं गाडी चालवायचा हट्ट कशाला केला, असं नातेवाईक बाईंना तोंडावर म्हणाले.  बाईंनी चावी भावाच्या, सूर्यभानच्या हातात ठेवली आणि पुन्हा एसटीनं जाऊ लागल्या. चार महिने मी ताडपत्रीखाली उभा होतो. दुखणं अप्पांचं, बोलणी बाईंना, आणि गुन्हा माझा.

गाडी विकायचं ठरलं, तेव्हा सूर्यभाननं मुजफ्फर मिस्त्रींना बोलावलं. आमची गाडी तेच सांभाळत. त्यांनी मला उघडलं, झिजलेली क्लचप्लेट हातात घेतली आणि बाई चढावर गाडी कशी धरतात ते विचारलं. मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे प्रकार समजावून सांगितले. पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स शहरातल्या गर्दीत लोण्यासारखा चालतो, पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नुसता ओरडतो. दोन क्लचचा चपळ असतो, पण मुंगीच्या पावलानं चालवला की तापतो. तेलाचा घाटाला चांगला, फक्त महाग आणि पेट्रोल जास्त पिणारा.

"ही तुमची गाडी बिचारी साधी हाय, ताई. चढावर तिला हँडब्रेकवर धरायची, पुढं ओढ घेतली की मगच सोडायची." मग त्यांनी प्लेट खाली ठेवली. "मागच्या सर्व्हिसिंगला ही प्लेट घासलेली मला दिसली हुती. वर्षभर निघंल म्हणून मी बोललो न्हाई. ती चूक माझ्याकडं लागली."

 ओट्यावर काठी घेऊन बसलेले अप्पा म्हणाले, "नवी प्लेट टाका. गाडी इकायची न्हाई. पंकजा, तू चालव, मी शेजारी बसतो."

चार दिवसांनी त्याच चढावर बाईंनी हँडब्रेक ओढला, माझी ओढ जाणवेपर्यंत थांबल्या, मग सोडला.  मी बोटभरही मागे सरलो नाही.

मित्रांनो, गाडी घेताना रंगाच्या आधी तिचा गिअरबॉक्स कुठला, ते विचारा. जळका वास आला तर थांबा. मागे माणूस असेल तर तो बाजूला झाल्याशिवाय ब्रेक सोडू नका. आम्हा यंत्रांना चूक कळते, पण माफी मागता येत नाही. अप्पा आजही गाडीत बसताना तो पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवतात. ते नीट बसेपर्यंत बाई समोर रस्त्याकडे बघत राहतात.