शिर्क्याची ओळ

इन्साफचं वाक्य पुरं व्हायच्या आत मबरूकानं तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, फटकन मिटलं आणि आधीच्या दोन पुस्तकांवर आपटलं.

"माशांची डोकी काढून टाका म्हणे. मग रस्सा कशाचा करायचा, नळाच्या पाण्याचा?"

"उम्मी, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. सफाक्ससारख्या समुद्रकाठच्या शहरात बसून असली पुस्तकं विकताना याला लाज वाटत नाही, मग मला बोलताना कसली?"

दुकानदार नूरीनं मान वर केली नाही. रमजानचे शेवटचे दिवस, दुपारचे तीन, पोटात सकाळपासून घोट नाही. या वेळी इन्साफच्या सासूबाईंशी वाद घालण्याइतकी ताकद बाब दिवानच्या वेशीआतल्या एकाही दुकानदारात उरलेली नसते.

ईद चार दिवसांवर आली होती. ईदच्या सकाळी इथल्या घराघरांत खारवलेला मासा उकडतात आणि त्यासोबत चारमुला वाढतात. कांदा आणि मनुके तासन्‌तास मंद आचेवर आटवून केलेला गोड, दाट चारमुला. त्याच्या थाळ्या शेजारीपाजारी जातात आणि कोणाच्या घरचा कसा झाला यावर पुढे वर्षभर बोललं जातं. मबरूकाचा चारमुला गल्लीत पहिला. पण यंदा तिचे हात थरथरत होते, पातेलं धरवत नव्हतं. करायचा होता इन्साफनं, आणि इन्साफ पडली केफकडची, डोंगरातली. लग्नाआधी तिनं समुद्रसुद्धा दोनदाच पाहिला होता. पहिलीच ईद तिच्या हातची, आणि अख्खी गल्ली चव घ्यायला टपलेली.

महिनाभर ती सासूला विचारत होती. महिनाभर एकच उत्तर मिळत होतं: "ते सांगून येत नाही, हातात असावं लागतं." शेवटी इन्साफनं पर्स उचलली आणि पुस्तक आणायला निघाली. मबरूका चष्मा घरीच विसरून तिच्यामागे निघाली. भलतंच काही घरात येऊ नये म्हणून, असं तिचं म्हणणं.

"हे बघा," इन्साफ म्हणाली. चौथं पुस्तक बारीक होतं, चित्रं जवळजवळ नव्हतीच. "मासे विकत घेताना काय बघायचं तेही दिलंय. कल्ले उचलून बघावेत, डोळ्यांच्या भरवशावर राहू नये."

मबरूकानं या वेळी पुस्तक हिसकावलं नाही. हे बरोबर होतं.

"चारमुला वाच."

इन्साफ वाचू लागली. कांदा किती, मनुके किती, मनुके उकळून चाळणीतून कसे घासून काढायचे, आच कधी कमी करायची. मबरूकाची मान नकळत हलत होती. लिहिणाऱ्यानं चुलीपुढे उभं राहून लिहिलेलं दिसत होतं.

"उतरवताना अर्धी वाटी शिरका घालावा."

"काय?"

"शिरका. अर्धी वाटी."

"चारमुल्यात शिरका!" मबरूकाच्या अंगाचा तिळपापड झाला. "सहा तास चुलीपाशी घाम गाळायचा आणि शेवटी त्या गोडावर आंबट शिरका ओतायचा? कोणत्या नतद्रष्टानं सांगितलं यांना हे? नाव बघ, नाव. मी जाऊन विचारते."

इन्साफनं पान उलटलं.

"खाली टीप आहे. लिहिणारी दोरसाफ नावाची कोणी आहे. म्हणते," आणि ती वाचत गेली, "'ही कृती माझ्या आईला, झकियाला, आमच्या शेजारच्या मबरूकाखालांनी सांगितली. शहरात...'"

ती थांबली.

"वाच," मबरूका म्हणाली.

"राहू दे उम्मी."

"वाच म्हणते ना."

"'शहरात बायका कृती सांगताना एखादी गोष्ट हातची राखून ठेवतात. खालांनी काही राखलं नाही. तरी आमच्या घरी त्यांच्यासारखा चारमुला कधीच झाला नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, दोष माझ्याच हातात असेल.'"

मबरूकाला झकिया आठवली. तीस वर्षांपूर्वीच्या एका ईदला तिच्या नवऱ्यानं झकियाच्या घरून आलेल्या थाळीतला मासा दुसऱ्यांदा मागून घेतला होता. एवढंच घडलं होतं. पुढच्या रमजानमध्ये झकिया कृती विचारायला आली, तेव्हा मबरूकानं सगळं खरं सांगितलं आणि जाता जाता शिरका जोडून दिला. मग दर ईदला झकियाची थाळी यायची. मबरूका बोटभर चाटायची, बायकांकडे बघून नाक मुरडायची आणि थाळी मांजरापुढे सरकवायची. हसायच्या सगळ्या. झकियाही हसायची.

इन्साफनं पुस्तकातून मान वर केली. तिचं महिनाभराचं विचारणं दोघींच्या मध्ये येऊन उभं राहिलं होतं.

"नूरी," मबरूका म्हणाली. "याच्या किती प्रती आहेत?"

"तीन."

"तिन्ही दे. आणि पेन."

हातात पेन ठरेना. तिनं ते सुनेकडे दिलं. इन्साफनं शिर्क्याची ओळ खोडली. सरळ, एका रेघेत.

"त्या जागी काय लिहू?"

"काही नाही. बाकी सगळं बरोबर आहे." मग ती म्हणाली, "खालचं ते हाताचं वाक्य. तेही खोड."

इन्साफनं पेन टेकवलं आणि उचललं.

"ते नाही खोडायचं, उम्मी. ते त्यांचं आहे." तिनं पुस्तक सासूपुढे फिरवलं. "खाली तुमचं लिहा."

"माझं अक्षर वाचता येणार नाही."

"येईल. वेळ घ्या."

नूरीनं दिवा जवळ सरकवला. डाव्या हातानं उजवं मनगट धरून मबरूकानं झकियाच्या वाक्याखाली लिहायला घेतलं. अक्षरं कडेपर्यंत धावली, दोनदा घसरली. तिचा हात चांगला होता. मी खोटं बोलले. खाली नाव.

मग तिनं दुसरी प्रत पुढे ओढली.

"ही दोरसाफला द्यायची," ती म्हणाली. "मी स्वतः देईन. तू फक्त सोबत चल."