झाडूगाडीच्या पुढे

शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी येते. जो दमला, लंगडला किंवा वेळेत मागे पडला, त्याला उचलून ती शेवटच्या रेषेपाशी नेऊन सोडते. पळणारे तिला झाडूगाडी म्हणतात. पहिल्यांदाच अर्धमॅरेथॉन पळणाऱ्या त्या बाईने महिनाभर या गाडीची धास्ती घेतली होती, आणि ती तिच्या मनात भरवली होती तिच्या नवऱ्याने.

नवरा म्हणजे वस्तीतल्या पळणाऱ्यांचा म्होरक्या. सगळे त्याला कप्तानच म्हणत. बायको चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत दिवसभर उभं राहून काचा घासायची आणि सुटल्यावर, घरी जायच्या आधी, बागेला फेऱ्या मारायची. तिने आपलं नाव परस्पर नोंदवलं, तेव्हा कप्तान आधी हसला, मग गंभीर झाला.

"पुलाच्या अलीकडेच झाडूगाडी तुला उचलणार, लिहून ठेव. माझ्या ओळखीचं गाव जमा होणार तिथे. नाचक्की व्हायची."

"तुमची की माझी?" तिने विचारलं होतं. त्यावर त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि आता ती खरोखरच शेवटची होती. इतका वेळ मागून येणारे एक आजोबा इस्पितळाच्या फाटकापाशी बसले, बुटाची नाडी सोडली आणि हात हलवून तिला म्हणाले, "जा तू." तेव्हापासून पाठीमागे फक्त इंजिनाची घरघर होती. वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण गाडी बाजूला आली, खिडकीची काच सरकली आणि आतून ओळखीचा आवाज आला.

"अगं, थांब."

आत कप्तान बसला होता. पोटरीवर बर्फाची पिशवी, तोंड उतरलेलं. त्याच्या शेजारी डोक्यावर टॉवेल घेतलेली एक मुलगी पेंगत होती, मागे मघाचे आजोबा.

"तुम्ही? काय झालं?"

"गोळा आला पोटरीत. पाऊल टेकवेना, मदतीच्या तंबूत पडून होतो, तिथून गाडीने उचललं. ये, बस."

तिचा जीव गलबलला. हात आपसूक दाराकडे गेला.

"ताई, बसायचं असेल तर बसा," चालक म्हणाला. "नाहीतर दाराला हात लावू नका, लावला की बाद. नियम आहे."

तिने हात मागे घेतला. पाय चालूच होते.

"गुडघ्यांचा विचार कर," कप्तान म्हणाला. "उद्या दुकानात उभं राहायचंय तुला." हे खरंच होतं. उजवा गुडघा केव्हापासून कुरकुरत होता. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "दोघं बरोबरच उतरू. तुला सोबत म्हणून मी थांबलो, असं सांगता येईल."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, त्याला स्वतःची नाचक्की झाकायची होती. ती खिडकी मागे टाकून पुढे झाली.

समोर पुलाचा चढ दिसत होता. त्याच्या तोंडाशी एक पोलीस आणि दोन स्वयंसेवक दोरी घेऊन उभे होते. वेळ संपली की दोरी बांधायची, पूल गाड्यांना मोकळा करायचा. पोलीस सारखा घड्याळात बघत होता.

"या गाडीने तिला मागे टाकलं तर?" मागून कप्तानचा आवाज आला. खिडकी उघडी आहे, हे त्याच्या ध्यानात नसावं.

"तर त्यांना बसावंच लागतं, साहेब."

"मग घ्या ना पुढे."

तिच्या कानशिलात कोणीतरी मारावी तसं झालं. संताप आला असता तर बरं झालं असतं. पण आधी आला तो हुंदका, आणि त्याने श्वासच अडवला. दोन पावलं अडखळली. आता गाडी पुढे जाणार, असं वाटलं.

"वेळ व्हायची आहे अजून," चालक म्हणाला. "तोवर मी मागेच राहणार."

ती धावली. बागेत कधी धावली नव्हती तशी, तोंड वासून, हात वेडेवाकडे फेकत. दोरीचं एक टोक खांबाला बांधून झालं होतं, दुसरं एक स्वयंसेवक ओढत पलीकडे नेत होता. पोलिसाने तळहात वर केला.

"बाई, थांबा. झाली वेळ."

"झाली की व्हायची आहे?"

त्याने पुन्हा घड्याळ बघितलं. तेवढ्यात ती वाकली. मांडीत चमक भरली, गुडघा रस्त्यावर टेकला, तळहात सोलवटला. पण ती दोरीखालून पलीकडे गेली होती. मागे गाडी वळण घेऊन खालच्या रस्त्याला लागली.

पुलावर दुसऱ्या बाजूने बस सुरू झाल्या होत्या. रोज याच पुलावरून ती कामाला जायची, खिडकीला डोकं टेकून. आता खिडक्यांतली माणसं तिच्याकडे बघत होती. ती कधी चालली, कधी पळाली. उतारावर वाटलं, आता पडणार. पडली नाही.

शेवटच्या रेषेपाशी कमान उतरवायला माणसं शिडीवर चढली होती. एकीने तिच्या गळ्यात पदक घातलं आणि हातात पाण्याची बाटली दिली. कप्तान फुटपाथच्या कडेला पाय लांब करून बसला होता. ती त्याच्याजवळ गेली, पण जरा अंतर ठेवून बसली.

त्याने बर्फाची पिशवी बाजूला ठेवली.

"मी त्याला गाडी पुढे घ्यायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

त्याने मान खाली घातली. ती तळहातातली खडी एक एक करून काढत राहिली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. लेकीचा होता. आवाज बाहेर ऐकू येत होता: "बाबा, किती वेळात पुरी केलीत? आई कुठपर्यंत पोचली?"

त्याने बायकोकडे बघितलं. ती मदतीला आली नाही.

"मी गाडीतून आलो," तो म्हणाला. "आई पळत आली."

लेक म्हणाली, "आईला द्या ना फोन."

त्याने फोन पुढे केला. तिने पाण्याचा शेवटचा घोट घेतला, हात पुसला आणि फोन घेतला.