हुतं तसं इंजिन

रंगुबाईने फडताळातली भांडी पुन्हा एकदा खाली काढली. तांब्याचं तपेलं नव्हतंच. माहेरून आलेलं जाड तपेलं. चोर शिरला असता तर पितळी परातही गेली असती.

जेवण झालं की सहादेव पिशवी काखेत मारून बाहेर पडे. पारावर जातो म्हणे. कारखान्याने ऊस ओढणारं छोटं इंजिन गेल्या साली भंगारात काढलं, त्याबरोबर त्याची ड्रायव्हरकीही गेली. रिकामा माणूस पारावर बसायचाच. पण तो पारावर नसतो, हे छबूबाईने विहिरीवर सांगितलं होतं.

"हाजराबीच्या घरात शिरताना पाह्यला म्या. तिचा दादला आंधळा. त्याला काय दिसायचंय?"

हाजराबीचा नवरा बाबाजान सहादेवच्याच इंजिनावर कोळसा टाकायचा. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी एकदा फुटली, काच आणि वाफ तोंडावर आली, डोळे गेले. तेव्हापासून सहादेव त्या गल्लीतूनसुद्धा जात नसे. आणि आता रोज?

त्या दुपारी तो निघाला तशी रंगुबाई पदर खोचून मागे निघाली. सहादेव बाबाजानच्या पडवीत शिरला. ती कुडाला चिकटून उभी राहिली. आतून हाजराबीचं हसणं आलं आणि रंगुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने फटीला डोळा लावला.

पोत्यावर हातभर लांबीचं इंजिन उभं होतं. बॉयलर तांब्याचा. आपलं तपेलं कुठे गेलं ते तिला कळलं. बाबाजान दोन्ही हातांनी इंजिन चाचपत होता.

"धुराडं बराबर. पन हा बॉयलरवरचा घुमट मागं सरलाय, सहादेवभाऊ. बोटभर फुडं घ्या."

"घेतो."

"काल चाकं दुसरी करायला लावली," हाजराबी चहा ठेवत म्हणाली. "ऐकतच न्हाईत."

"मी रोज हात लावनार त्याला," बाबाजान म्हणाला. "हुतं तसंच पायजे. दुसरं इंजिन मला काय करायचं?"

रंगुबाईचा जीव भांड्यात पडला. ती मागे फिरणार तोच हाजराबीला दिसली.

"भाभी? भाईर का हुब्या? आत या ना."

ती आत येऊन बसली. सहादेवच्या कपाळावर घाम होता. तपेल्यापायी घाबरले, असं तिला आधी वाटलं. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो बाबाजानच्या बोटांकडे बघत होता.

बोटं मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या जागेत उतरली. शिट्टीची साखळी. भट्टीचं दार. मग पाण्याची नळी. तिथे ती थांबली.

"हे काय बसवलंय?"

"नळीवरची जाड काच," सहादेव म्हणाला. "आडोशाची. नळी फुटली तर अंगावर यिऊ नये म्हनून."

"ती ठावं हाय मला. पन त्या दिशी आपल्या इंजिनाला ती नव्हती."

"समद्या इंजिनांना असती, बाबाजान."

"व्हय, असती. आपलीबी हुती. धुरकटली, पानी दिसंना, म्हनून तुमी नळी फुटायच्या आदल्या दिशी काढली."

हाजराबीच्या हातातली बशी तशीच राहिली. रंगुबाईला अपघाताच्या चौकशीचा दिवस आठवला. साहेबासमोर सहादेव शपथेवर सांगून आला होता, की जाड काच जागेवर होती. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नव्हता. तिला वाटलं होतं, बाबाजानच्या दुःखाने.

"काढा ती, भाऊ," बाबाजान सावकाश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

सहादेवचे हात मांडीवरून उठेनात. त्याने एकदा रंगुबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

रंगुबाईने पोत्यावरची पक्कड उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

बाबाजानने इंजिन दोन्ही हातांनी घट्ट धरलं, हलू नये म्हणून.