श्रवणमापकाची कबुली

मित्रांनो, या भांडारखोलीच्या दारामागे एक लोखंडी मांडणी आहे. तिच्या सगळ्यात खालच्या फळीवर, मोडक्या खुर्च्या आणि पोचे पडलेल्या ट्रेंच्या शेजारी, करड्या रंगाचा एक डबा दिसेल. समोर दोन गोल चकत्या, चार बटणं आणि धुळीने भरलेली एक काच. तो मी. माणसाला किती बारीक आवाज ऐकू येतो हे मोजणारा श्रवणमापक. माझ्या अंगावर 'निकामी' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. ती खोटी आहे. मी बिघडलो नव्हतो, शेवटच्या दिवसापर्यंत चालत होतो. मी बंद पडलो असतो तर फार बरं झालं असतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे चष्मा लावणारी एक बाई होती. तिने माझे हेडफोन एका धातूच्या नकली कानावर बसवले आणि माझ्या पोटातले स्क्रू तासभर फिरवले. माझ्या चकतीवर तीस असेल तर त्या कानातही नेमके तीसच भरले पाहिजेत, अशी तिची अट. आवाजाच्या या मापाला डेसिबल म्हणतात. सगळे आकडे जुळले तेव्हा तिने माझ्यावर आणि हेडफोनवर एकच क्रमांक चिकटवला. म्हणजे आमची जोडी. एकाला सोडून दुसऱ्याला अर्थ नाही.

तिथून मी एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आलो. जिन्याखालची खोली, दोन जाड दारं, भिंतींना भोकाभोकांचे पत्रे आणि त्यांच्या आत कापूस. मध्ये काचेची खिडकी. पलीकडे रोगी बसायचा, अलीकडे मी आणि मोठे सर. मोठे सर म्हणजे त्या विभागाचे जुने श्रवणतज्ज्ञ. रोज सकाळी पहिला रोगी आत घ्यायच्या आधी ते माझे हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवायचे, एकेक सूर ऐकायचे आणि वहीत टिपायचे. त्यांच्या हाताखाली शिकायला नुकतीच पदवी घेतलेली एक मुलगी आली होती. पहिल्या आठवड्यात ती इतकी घाबरलेली, की लाल हेडफोन उजव्या कानाला की डाव्या, हे तळहातावर लिहून आणायची.

"आपण रोज यंत्र ऐकायचं," सर तिला म्हणायचे. "आणि लहान मूल आलं, तर आधी त्याची आई ऐकायची. कानाच्या मापाचा आलेख नंतर."

ती शिकली, आणि फार छान शिकली. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना तपासणं हे अवघड काम. ती मुलाच्या हातात लाकडी ठोकळा द्यायची. "टूं वाजलं की डब्यात टाकायचा हं!" मुलं खेळता खेळता आपला कान मोजून द्यायची. मुलांनीच तिचं नाव टूंबाई ठेवलं, आणि पुढे अख्खा दवाखाना तिला त्याच नावाने हाक मारू लागला.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. एकदा लेथवर काम करणारे एक आजोबा आले. बायकोने आपल्याशी बोलणं टाकलंय, अशी त्यांची तक्रार. मी त्यांचा कान मोजला, टूंबाईने श्रवणयंत्र बसवून दिलं. पंधरा दिवसांनी आजोबा पुन्हा हजर.

"बाई, ती बोलतच होती हो! सकाळपासून बोलतच असते. आधीचंच बरं होतं!"

सगळी खोली हसली. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तशी थाप नंतर मला कुणी मारली नाही.

बऱ्याच वर्षांनी सर निवृत्त झाले. त्यांची जागा भरलीच नाही. दोघांचं काम टूंबाईच्या एकटीच्या गळ्यात पडलं. दिवसाला चाळीस-चाळीस रोगी, वर दिव्यांग प्रमाणपत्रांचे कागद. रोजची सकाळची तपासणी आधी फक्त सोमवारी होऊ लागली, मग महिन्यातून एकदा, मग कधीच नाही. वर्षातून एकदा कंपनीचा माणूस नकली कान घेऊन यायचा, त्याचंही येणं थांबलं. तिने तीन पत्रं लिहिली. एकाचंच उत्तर आलं: यंत्र चालू स्थितीत असल्याने तपासणीची आवश्यकता दिसून येत नाही.

दरवर्षी प्रशिक्षणाची यादी निघायची. ती अर्ज करायची आणि अधीक्षक साहेब नाव खोडायचे. "तुम्ही गेलात तर रांग कोण बघणार?" आणि खरंच, रांग बघायला दुसरं कुणी नव्हतं. हळूहळू तिने अर्ज करणं सोडून दिलं.

मग एके दिवशी माझ्या हेडफोनची वायर तुटली. कुणाच्या तरी पायात अडकून मुळापासून निघाली. भांडारवाले काका दुपारी दुसरे हेडफोन घेऊन आले. कुठल्यातरी बंद पडलेल्या यंत्राचे होते.

"हे यालाच लागतील ना?" टूंबाईने विचारलं.

काकांनी पिन माझ्यात खुपसली. खट्ट आवाज आला. "बसली की! बाहेर बावीस माणसं बसलीत मॅडम, बोलवा त्यांना."

मित्रांनो, हेडफोन बदलले तर यंत्र पुन्हा जुळवल्याशिवाय वापरायचं नसतं, हे तिला माहीत होतं. परीक्षेत तिने ते लिहिलंही होतं. तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं, आणि पुढचं नाव पुकारलं.

ते परके हेडफोन माझा आवाज मोठा करून टाकत होते. माझ्या चकतीवर पस्तीस असायचे तेव्हा कानात साठ पडायचे. म्हणजे ज्याला साठच्या खाली काही ऐकू येत नाही, त्याचा कानही माझ्या हिशेबाने जवळजवळ बरा ठरायचा. मला ते कळत होतं. पण मला टूं एवढंच बोलता येतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती आली. साडेतीन वर्षांची मुलगी, दोन घट्ट वेण्या, अंगात आपल्या मापाहून मोठं स्वेटर. घरी तिला हट्टूबाई म्हणत, कारण हाक मारली तरी ती वळायची नाही. आई शिवणकाम करणारी होती, बाहीला टाचण्या टोचलेल्या तशाच.

"सासूबाई म्हणतात हट्टी आहे," आई म्हणाली. "पण मला नाही तसं वाटत. मी मागे कढई आपटून बघितली, तेव्हा वळली. नावाने हाक मारली तर नाही वळत. आणि बोलतच नाही हो. आई, पाणी, बस्स."

हट्टूबाई मन लावून ठोकळे टाकत होती. एकही चुकवला नाही. दोन्ही कान पस्तीस. टूंबाई आलेखाकडे बघत बसली. पस्तीसचं मूल हाकेला वळतं. हे तिला खटकलं होतं, तिच्या हातातलं पेन थांबलं होतं, मी पाहिलं. तेवढ्यात दारावर थाप पडली. "मॅडम, अजून किती वेळ?"

दवाखान्याचा नियम होता, चाळीसच्या पुढे असेल तरच मुलाला श्रवणयंत्र.

"थोडं कमी आहे," ती आईला म्हणाली. "यंत्र लागण्याइतकं नाही. घरी भरपूर बोला तिच्याशी. सहा महिन्यांनी दाखवा."

आईच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला, की ते बघून मला माझीच लाज वाटली. सहा महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. पुन्हा पस्तीस. "वाढलेलं नाही, काळजी करू नका," टूंबाई म्हणाली. मग त्या आल्या नाहीत. कशाला येतील? आम्हीच तर काळजी नाही म्हणालो होतो.

दोन वर्षं गेली. टूंबाईने एकदाची हिय्या करून स्वतःची रजा टाकली आणि चार दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली. तिथे काय शिकवलं ते मला माहीत नाही. परत आली त्या सकाळी तिने पर्स खुर्चीवर टाकली, दार लावून घेतलं आणि हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले. चकती खाली, आणखी खाली, अगदी तळापर्यंत फिरवली. तिला सगळंच ऐकू येत होतं. पन्नाशीला आलेल्या बाईला इतकं ऐकू येत नाही.

ती बाहेर गेली आणि झाडूवाल्या मावशींना हाताला धरून घेऊन आली. मावशींशी बोलायचं तर सगळा दवाखाना ओरडायचा. त्यांचा आलेख निघाला तो जवळपास तरण्या पोरीसारखा.

मावशी खूश. "बघा! मी म्हणत होते ना, घरचेच मेले हळू बोलतात!"

टूंबाई हसली नाही. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि भिंतीला टेकून खाली जमिनीवरच बसली. मावशींना काही समजेना. त्या आपल्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

त्या दुपारी तिने नोंदवही काढली. त्या हेडफोनवर हजारो माणसं तपासली गेली होती, त्यात 'यंत्र लागत नाही' म्हणून परत पाठवलेली मुलं एकशे चाळीस. वही घेऊन ती अधीक्षकांकडे गेली. परत आली आणि माझ्यासमोरच मावशींना सगळं सांगितलं. सांगायला दुसरं होतं कोण?

"म्हणाले, यंत्र जुनं झालं असं लिहा. नवीन मागवू. हेडफोनच्या खोलात शिरू नका, लोक दारात येऊन बसतील. मी म्हटलं, साहेब, बसायलाच पाहिजेत ते."

तिने स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली, एकशे चाळीस. बरीच पत्ता सापडला नाही म्हणून परत आली. सतरा मुलं आली. त्यांत हट्टूबाई होती.

ती आता सहा वर्षांची होती. वेण्या लांब झाल्या होत्या. टूंबाईने दुसऱ्या दवाखान्यातून मागून आणलेल्या यंत्रावर तिला तपासलं, मी शेजारीच होतो. साठ. दोन्ही कान साठ. तेव्हाही साठच असणार. टूंबाईने आईला सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, कुणावर ढकललंही नाही.

आईने मुलीला जवळ ओढून घेतलं. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला. कढईचं."

"हो. सांगितलं होतंत."

"मग?"



श्रवणयंत्रं बसवली. टूंबाई आठवड्यातून दोनदा दुपारचं जेवण सोडून तिला शिकवायची. चित्रं दाखवायची, ओठ दाखवायची, तिचा हात स्वतःच्या गळ्याला लावायची. बोलणं मुरण्याची वर्षं ही पहिली काहीच असतात, आणि तिची ती माझ्या पस्तीसच्या आकड्याखाली निघून गेली होती. वर्षभरात शब्द आले ते अकरा-बारा, तेही आईलाच समजतील असे. शाळेने तिला पुढच्या वर्गात घ्यायला नकार दिला.

"हिला आता आवाज येतो," आई एकदा म्हणाली, "पण त्याचं काय करायचं, ते तिला कळत नाही. रात्रंदिवस यंत्र काढून ठेवायला बघते." त्यानंतर त्या दोघी आल्या नाहीत. टूंबाई दोनदा त्यांच्या घरी जाऊन आली. दुसऱ्या खेपेला आईने दार उघडलं नाही.

टूंबाईने अहवालात हेडफोनचं खरं लिहिलं. वर्षाच्या आत तिची बदली झाली, दोन मजले वर, प्रमाणपत्रांवर शिक्के मारायच्या टेबलावर. तिथे कान तपासायचे नसतात. आवरायला आली तेव्हा तिने माझ्या काचेवरून पदर फिरवला.

"तुझा नव्हता रे दोष," ती म्हणाली.

मला सांगायचं होतं, की तुझ्या एकटीचा पण नव्हता. पण मला कुणी वायर लावलेली नव्हती.

आता भिंतीपलीकडे नवं यंत्र आहे, पांढरं, पडदा असलेलं. ते चालवायला वॉर्डातली एक परिचारिका दिली आहे. तिला अर्ध्या दिवसात शिकवलं. बिचारी मनापासून करते, पण तिच्याही दारात रांग आहे. पत्र्याच्या भिंतीतून मला त्याचे सूर ऐकू येतात. ते खरे आहेत की खोटे, हे इथून मला सांगता येत नाही. परिचारिकेला सांगता येत नाही. खुर्चीवर बसलेल्या लेकराला तर नाहीच नाही.

म्हणून मित्रांनो, तुमचे किंवा तुमच्या धाकट्या भावंडाचे कान तपासायची वेळ आली, तर आत बसायच्या आधी एवढं विचारा: हे यंत्र शेवटचं कधी तपासलं? यंत्रांना जपा, आणि ती चालवणाऱ्या माणसांना शिकायला वेळ द्या. आणि घरात कुणाची आई म्हणत असेल की पोर ऐकत नाही, तर आकडा काहीही असो, तिचं ऐका.

मी इथे पडून तीन वर्षं झाली. रोज सकाळी पलीकडे नावं पुकारली जातात आणि माणसं एकामागून एक आत जातात. हा प्रश्न विचारलेला मी अजून एकदाही ऐकलेला नाही.